बर्फाच्या कारखान्याचं वीजबिल: स्थिर किती, बदलतं किती? (मदत हवी)

हिशेबी_मासो

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

मामाचा बर्फाचा कारखाना आहे. सासष्टीत, जेटीला लागून. दिवसाला २० टन लाद्या निघतात. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः ट्रॉलर, थोडे मासळीचे एजंट, लग्नसराईत केटरर. मी बीकॉम करून तिथंच वह्या सांभाळतो.

प्रश्न असा. एका एजंटाला येत्या ऑगस्टपासून दर महिन्याला जादा ६० टन बर्फ हवाय, पण भाव देतोय टनाला ८२० रुपये. आमचा नेहमीचा भाव १,५०० आहे. मामा म्हणतो, मशीन चालूच असतं, वरचे सुटतील तेवढे सुटतील, देऊन टाकू. मी म्हटलं, आधी टनामागे खरा बदलता खर्च किती ते बघू.

पाणी, मीठ, अमोनियाची भर, क्रशिंग, चढवणावळ हे सगळं मिळून टनाला ४०० होतं. त्यात अडचण नाही, टँकर फेरीवर आणि हमाल टनावर. घोडं अडतं विजेपाशी. बिल दर महिन्याला येतं, पण त्यातलं किती बर्फ काढला म्हणून आणि किती कारखाना उभा आहे म्हणून, ते कळत नाही. मागच्या बारा महिन्यांचे आकडे (थोडे गोल केलेत):

ऑगस्ट: ४१० टन, २,३१,०००
सप्टेंबर: ५२० टन, २,७०,०००
ऑक्टोबर: ६०० टन, ३,०३,०००
नोव्हेंबर: ५६० टन, २,८६,०००
डिसेंबर: ५४० टन, २,७८,०००
जानेवारी: ४८० टन, २,५५,०००
फेब्रुवारी: ४५० टन, २,४५,०००
मार्च: ४७० टन, २,५६,०००
एप्रिल: ५०० टन, २,७१,०००
मे: ४४० टन, २,५०,०००
जून: ६० टन, ६६,०००
जुलै: २० टन, ४८,०००

कॉलेजात शिकलेली हाय-लो पद्धत लावली. सर्वांत जास्त ऑक्टोबर, सर्वांत कमी जुलै. बिलातला फरक २,५५,०००, टनांतला फरक ५८०. भागून टनाला ४४० रुपये. जुलैच्या ४८,००० मधून २० टनांचे वजा केले की स्थिर भाग ३९,२०० च्या आसपास.

म्हणजे ४४० अधिक ४०० = ८४०. एजंट देतोय ८२०. टनामागे २० रुपयांचा तोटा. मामाला दाखवलं तर म्हणाला, "भाचा, तुझं गणित बरोबर असेल, पण कारखाना तसा चालत नाही." आता तुम्ही सांगा, कोण चुकतोय?

बोरीपूल

मामा कधी चुकत नाही. धागा बंद करा. 😀

खडू_फळा

भागाकार बरोबर आहे, पण मामांचं म्हणणंही खरं आहे. मी फोंड्याला बारावी आणि बीकॉमच्या मुलांना हेच शिकवते, आणि दरवर्षी हीच चूक बघते. उत्तर आलं की ते परत आकड्यांवर लावून बघायचं, हे कुणी करत नाही.

तुम्ही आता करून बघा. मे महिना घ्या. ३९,२०० अधिक ४४० टन गुणिले ४४०, म्हणजे २,३२,८००. प्रत्यक्ष बिल २,५०,०००. सतरा हजारांनी कमी. ऑगस्टला साडेअकरा हजारांनी कमी. एप्रिलला बारा. मी सगळे महिने लावून पाहिले. तुम्ही निवडलेले ऑक्टोबर आणि जुलै सोडले तर उरलेल्या दहाच्या दहा महिन्यांत तुमची रेघ (म्हणजे स्थिर भाग अधिक टनाला ४४०, हा अंदाज) खऱ्या बिलाच्या खाली राहते. चूक दोन्ही बाजूंना विखुरलेली असती तर मी काही बोलले नसते. सगळी एकाच बाजूला पडते तेव्हा रेघच चुकीच्या जागी ओढलेली असते.

आलेखाचा कागद घ्या, आडवे टन, उभे रुपये, आणि बारा टिंबं मारा. दहा टिंबं एका घोळक्यात दिसतील आणि दोन खाली कोपऱ्यात एकटी पडलेली. तुम्ही घोळक्यातलं एक टोक आणि कोपऱ्यातलं एक टिंब जोडलंत.

हिशेबी_मासो

टिंबं मारली. अगदी तसंच दिसतंय मॅडम. ती दोन एकटी टिंबं जून आणि जुलै.

जमाखर्च

अर्थातच. गोव्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी. ट्रॉलर जेटीला बांधलेले, तुमचा कारखाना बंद. बंद कारखाना आणि चालू कारखाना ही खर्चाच्या दृष्टीने दोन वेगळी यंत्रं आहेत हो. त्यांची सरासरी काढणं म्हणजे उपासाच्या दिवसाचा आणि लग्नाच्या जेवणाचा खर्च मिळवून "रोजचं जेवण" ठरवणं.

मी कॉस्ट अकाउंटंट, आता निवृत्त. खाणींच्या काळात डिचोली-साखळी भागात बरंच काम केलं. तिथेही पावसाळ्यातले महिने असेच वेगळे पडायचे. पुस्तकात याला "रेलेव्हंट रेंज" म्हणतात. स्थिर खर्च स्थिर असतो तो ठराविक पट्ट्यातच. तुमचा पट्टा ४०० ते ६०० टनांचा आहे. २० टनांना काय होतं ते या पट्ट्याला विचारू नका.

जून-जुलै काढून पुन्हा हाय-लो लावा.

हिशेबी_मासो

लावलं. आता कमी म्हणजे ऑगस्ट. फरक ७२,००० आणि १९० टन. टनाला ३७९ रुपये, स्थिर सुमारे ७५,६००.

अरे देवा. स्थिर खर्च जवळजवळ दुप्पट झाला! आणि ३७९ + ४०० = ७७९. म्हणजे ८२० मध्ये ४१ रुपये सुटतात. मामा जिंकला??

बोरीपूल

म्हटलं नव्हतं!

खडू_फळा

थांबा. हाय-लोची दुसरी खोड अजून शिल्लक आहे. ती दोनच महिने बघते, बाकीच्या आठ महिन्यांना मत नाही. त्या दोनांपैकी एकात जरी काही वावगं झालं असलं तर सगळं फसतं. एक्सेलमध्ये दहा महिने घालून स्लोप (रेघेचा उतार, म्हणजे टनामागचा खर्च) आणि इंटरसेप्ट (शून्य टनांवरचा आकडा, म्हणजे स्थिर खर्च) ही दोन फंक्शन्स चालवा. ही सगळ्या टिंबांना मिळून सर्वांत जवळची रेघ काढणारी लीस्ट स्क्वेअर्स पद्धत, लजान्द्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये छापली, धूमकेतूंच्या कक्षा काढायला. आपल्याला बर्फाला पुरेशी आहे.

टीवाय_डिचोली

मॅडम, मधेच विचारतो. परीक्षेत असं आलं तर जून-जुलै वगळायचे का? आणि हाय-लो खर्चावरून निवडायचं की उत्पादनावरून?

खडू_फळा

निवड नेहमी उत्पादनावरून, खर्चावरून नाही. खर्च जास्त असलेला महिना कधी कधी मशीन बिघडल्याचा असतो. वगळायचं म्हणाल, तर प्रश्नात "त्या महिन्यात कारखाना बंद होता" असं काही लिहिलं असेल तरच, आणि वगळल्याचं उत्तरात एका ओळीत लिहायचं. नाहीतर दिलेले सगळे घ्या. पेपर तपासणारा जेटीवर येत नाही.

हिशेबी_मासो

एक्सेल झालं. दहा महिन्यांचं उत्तर: टनाला ३५८ रुपये, स्थिर ८६,७००. आर-स्क्वेअर (रेघ टिंबांना किती चपखल बसते त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९७. आता ३७९ खरं की ३५८?

अमोनिया

इथे मी शिरतो, कारण हा प्रश्न हिशेबाचा कमी आणि रेफ्रिजरेशनचा जास्त आहे. मी वेर्ण्याला काम करतो, कोल्ड स्टोरेज आणि आइस प्लांट पाहतो.

तुमच्या आकड्यांतून रेघ वजा करून बघा. एप्रिल रेघेच्या वर साडेपाच हजार, मे वर सहा हजार. जानेवारी, फेब्रुवारी, सप्टेंबर, ऑगस्ट सगळे खाली. हा योगायोग नव्हे. एप्रिल-मेमध्ये लाद्या गोठवायच्या टाकीत येणारं पाणी जास्त गरम, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवरची हवा गरम, हेड प्रेशर (त्यातला दाब) चढतं, कॉम्प्रेसर त्याच बर्फाला जास्त वीज खातो. वर उन्हाने टाकीत उष्णता जास्त शिरते. हे दोन महिने टनांच्या मानाने बिल जास्त दाखवतात, त्यात मेचे टनही कमी, त्यामुळे रेघेचं डावं टोक वर उचललं जातं आणि उतार मंदावतो. उन्हाळ्याचा खर्च "स्थिर" म्हणून मिरवतोय.

एप्रिल-मे बाजूला ठेवून आठ महिने चालवा. मी चालवले. टनाला ३७२, स्थिर ७८,०००, आर-स्क्वेअर ०.९९५.

आता दुसऱ्या अंगाने पडताळतो, बिल न बघता. एक किलो पाणी २८ अंशांवरून ० वर आणायला २८ किलोकॅलरी, गोठवायला ८०, उणे आठपर्यंत न्यायला आणखी चार. झाले ११२. टनाला १,१२,००० किलोकॅलरी. ८६० ला एक युनिट, म्हणजे १३० युनिट उष्णता बाहेर काढायची. आपल्या हवेत बरा सांभाळलेला अमोनिया कॉम्प्रेसर एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता ओढतो. ५२ युनिट. पाण्याचा पंप, होइस्ट (लाद्या उचलायचं यंत्र), क्रशर, लादी सोडवताना विरघळणारा बर्फ धरून ६५ ते ६८. तुम्हाला युनिट काय पडतं?

हिशेबी_मासो

अधिभार वगैरे सगळं धरून साडेपाच रुपये.

अमोनिया

मग ३५८ ते ३७४. आकडा जागेवर आहे. ३७२ घ्या, आणि एप्रिल-मेला टनामागे १४-१९ रुपये जादा धरा.

जमाखर्च

वा, वा. याला आम्ही इंजिनिअरिंग पद्धत म्हणतो आणि पुस्तकात तिच्यावर दोन ओळी असतात. खरं तर जिथं यंत्र समजणारा माणूस हाताशी आहे तिथं तीच पहिली वापरावी. बिलांच्या आकड्यांना कारण माहीत नसतं.

मासो, दोन गोष्टी तपासा. एक, बिलाचं रीडिंग कोणत्या तारखेला होतं? घरगुती बिलासारखं मधल्याच तारखेला असेल तर तुमचे टन एका महिन्याचे आणि बिल भलत्याच महिन्याचं. दोन, पुढच्या वर्षी हे करताना रुपये नको, युनिट घ्या. संयुक्त वीज नियामक आयोगाने दर बदलले, किंवा इंधन अधिभार खालीवर झाला, की रुपयांची रेघ मोडते. युनिटांची मोडत नाही. शेवटी चालू दराने गुणा.

हिशेबी_मासो

रीडिंग १ तारखेचं आहे, बरं झालं. आणि बिल उघडून बघितलं, तर त्यात डिमांड चार्ज (मंजूर भारावर लागणारा आकार) ३२,००० वेगळाच लिहिलाय. दर महिन्याला तेवढाच, जुलैतही! इतके दिवस मी फक्त शेवटची रक्कम वहीत चढवत होतो. लाज वाटली.

चार_खोल्या

लाज कसली, आम्ही केरीला होमस्टे चालवतो, मीही खालचाच आकडा बघते. आमच्याकडे लाँड्रीचं असंच आहे. धोबी गाडी आणण्याचे वेगळे घेतो आणि चादरीमागे वेगळे. एक पाहुणा असला तरी गाडी येतेच. मी आतापर्यंत महिन्याचं बिल भागिले पाहुणे करत होते, आणि पावसाळ्यात प्रत्येक पाहुणा महाग दिसायचा!

जमाखर्च

बरोबर ताई. भागाकाराने स्थिर खर्चाला पाय फुटतात.

मासो, तुमचे स्थिर ७८,०००. त्यात ३२,००० डिमांडचे. उरलेले ४६,००० कसले? ते शोधल्याशिवाय मला झोप येणार नाही.

अमोनिया

टाकीचे. ब्राईन (मिठाच्या पाण्याची) टाकी उणे आठ-दहावर धरून ठेवायची तर बर्फ काढा न काढा, भिंतीतून उष्णता शिरतच राहते, कॉम्प्रेसरला ती बाहेर टाकावीच लागते. शिवाय ब्राईन ढवळणारा अ‍ॅजिटेटर चोवीस तास. ऑपरेटरला विचारा, चवथीला किंवा फेस्ताच्या दिवशी एकही लादी काढली नाही, तेव्हा मीटर किती फिरला होता?

हिशेबी_मासो

आज ऑपरेटरला विचारलं. आमचा ऑपरेटर कारखान्यात माझ्या जन्माआधीपासून आहे. त्याच्याकडे स्वतःची वही निघाली! रोज सकाळी सहाचं रीडिंग. का लिहितोस विचारलं तर म्हणे, "मामांनी कधी मागितली नाही, पण कधीतरी लागेल." चवथीच्या दिवशी २३० युनिट.

२३० गुणिले ३० गुणिले साडेपाच = सुमारे ३८,०००. अधिक डिमांड ३२,०००. झाले ७०,०००. बाकी ऑफिस, यार्डातले दिवे, रात्रीचा फोकस यांचे पाच-सहा हजार. ७८,००० च्या जवळ पोचलो. अंगावर काटा आला खरंच.

बोरीपूल

त्या ऑपरेटरला पगारवाढ द्या आणि मगच एजंटाला बर्फ.

जमाखर्च

आता झोप येईल. बघा, तुमचा "स्थिर" खर्चही एक नाही, दोन आहेत. ३२,००० कारखाना बंद असला तरी जाणारे. बाकीचे ४६,००० टाकी थंड ठेवली तरच जाणारे. कोणता स्थिर म्हणायचा ते तुम्ही काय ठरवायला बसलात त्यावर आहे.

उदाहरण तुमच्याच जूनचं. बिल ६६,०००, त्यातले डिमांडचे ३२,००० कसेही गेलेच असते. उरले ३४,००० आणि बर्फ ६० टन. टनाला विजेचे ५६७ रुपये! वर तुमचे ४००. जूनमध्ये ९६७ च्या खाली विकलेली प्रत्येक लादी तोट्यात. तोच कारखाना, तीच टाकी, ऑगस्टात ७७२ ला (३७२ अधिक ४००) परवडतो. जूनमध्ये टाकी चालू कशासाठी ठेवली होती?

हिशेबी_मासो

पहिले आठ दिवस. एक लग्न होतं आणि होडीवाल्यांची थोडी मागणी. भाव... मामाने ओळखीत ९०० लावला होता. हे मामाला कसं सांगू?

बोरीपूल

नको सांगू. लग्नाला बोलावलं होतं ना?

चार_खोल्या

😂

खडू_फळा

मूळ प्रश्न राहिला बाजूला. ७७२ धरला तर ८२० मध्ये ४८ सुटतात. ६० टनांचे महिन्याला २,८८०. पण मासो, तुमची क्षमता दिवसाला २० टन. ऑक्टोबरमध्ये ६०० टन काढलेत. आणखी ६० कुठून काढणार?

हिशेबी_मासो

नाही निघणार. जास्तीत जास्त ६२०. नोव्हेंबरला ६००.

खडू_फळा

मग ऑक्टोबरात ४० टन आणि नोव्हेंबरात २० टन ट्रॉलरना नाही म्हणावं लागेल, १,५०० भावाचे. त्या प्रत्येक टनावर ७२८ सुटत होते. ४० टनांचे २९,१२०, २० टनांचे १४,५६०. एकूण ४३,६८०. आणि एजंटाकडून दहा महिन्यांत मिळणार २८,८००. उन्हाळ्याचे जादा धरले तर त्याहून कमी.

विजेचा आकडा अचूक काढलात, पण ज्या महिन्यांत टाकीत जागाच नाही तिथं बदलत्या खर्चावर भाव ठरवता येत नाही. तिथं खर्च म्हणजे हातचं गेलेलं गिऱ्हाईक.

जमाखर्च

+१. आणि ट्रॉलरवाला एकदा दुसऱ्या कारखान्याकडे वळला की डिसेंबरात परत येईलच असं नाही. ते कुठल्याच सूत्रात बसत नाही.

अमोनिया

एक सुचवतो. टाकीच्या कॉम्प्रेसरला आणि क्रशर-पंपाला वेगळे सब-मीटर बसवा. एका पावसाळ्यातलं काम. मग पुढच्या वर्षी स्लोप-इंटरसेप्टची गरजच पडणार नाही, मीटरच सांगेल. आणि टाकीचं इन्सुलेशन तपासा. २३० युनिट मला जरा जास्त वाटतात. या धाग्यातला सगळ्यात मोठा पैसा कदाचित तिथंच आहे.

टीवाय_डिचोली

मी हे सगळं प्रोजेक्टला घेऊ का? नाव-गाव काढून.

हिशेबी_मासो

घे रे. पण जून-जुलैची टिंबं आलेखात दाखव, लपवू नको.

ताजी खबर: काल रात्री जेवताना मामाला सगळं सांगितलं (जूनचं लग्न सोडून). एजंटाला कळवलंय की ऑगस्ट-सप्टेंबर आणि डिसेंबर ते मार्च ८२० ला देऊ, एप्रिल-मे ८५० ला, ऑक्टोबर-नोव्हेंबर नाही. तो विचार करून सांगतो म्हणालाय. मामा मात्र माझ्याकडे न बघता ऑपरेटरची वही चाळत होता. मधेच विचारलं, "नाताळच्या दिवशी २४५ कसे रे?" आता ते शोधतोय. अमोनिया बाब, डिसेंबरात थंडी असताना टाकीला जास्त वीज का लागावी?

अमोनिया

त्या दिवशी यंत्रणेत हवा साचली होती का विचार. किंवा टाकीवरच्या लाकडी झाकणांपैकी एखादं उघडं राहिलं असेल.

हिशेबी_मासो

झाकण. ऑपरेटर हसला आणि म्हणाला, "त्या दिवशी तूच होतास."